आधी शुक्रवार, मग बाकीचं

वाचकाचं पत्र

आम्ही मूळचे ठाण्याचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तीन वर्षांपूर्वी मिस्टरांच्या नोकरीसाठी दक्षिण जर्मनीतल्या एका मध्यम शहरात आलो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. जवळचं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) चाळीस किलोमीटरवर आहे आणि तिथे गेलं की सगळी मोठी माणसं रशियन बोलतात. मुलाला मराठी कळतं, पण उत्तर तो जर्मनमध्ये देतो. त्याचं नाव शाळेत आखूड झालंय. फुटबॉलच्या मॅचेस शनिवारी असतात. परवा त्याने विचारलं, "आपण इंडियन की ज्यू?" वर्गातल्या कुणी तरी त्याला सांगितलंय की दोन्ही असताच येत नाही. मिस्टर म्हणतात, बाहेर बोलायचंच नको, काय करायचं ते घरात करू. सासूबाई फोनवर रडतात, परत या म्हणतात. मला हिब्रू, मराठी, कोशर (खाण्याचे धार्मिक नियम), सणवार सगळंच सुरू करावंसं वाटतं आणि शेवटी काहीच धड होत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर

ताई, सुरुवात शुक्रवारच्या संध्याकाळपासून करा. शब्बाथ, म्हणजे आपला विश्रांतीचा दिवस, तेव्हाच सुरू होतो. बाकी सगळं थोडं मागे ठेवलंत तरी चालेल. पण पुढचे सहा महिने एकही शुक्रवार मोडायचा नाही, पाहुणे आले तरी नाही आणि नवरा-बायकोचं वाजलं तरी नाही.

यामागे जुना विचार आहे. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं. त्यानंतर याव्ने गावात जमलेल्या रब्बींपुढे (धर्मपंडितांपुढे) प्रश्न होता की वेदी नाही, याजक नाहीत, मग धर्म चालायचा कसा. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात त्याचं एक उत्तर सापडतं: मंदिर होतं तेव्हा वेदीने प्रायश्चित्त व्हायचं, आता माणसाचं जेवणाचं टेबल ते काम करतं. किद्दुशचा (शब्बाथच्या सुरुवातीच्या आशीर्वादाचा) पेला, मीठ, दोन भाकरी, हात धुणं हे सगळं घराच्या वाट्याला आलं. त्यामुळे देश बदलला तरी सोबत नेता आलं.

याचा भक्कम पुरावा तुमच्याच घराण्यात आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं परंपरा सांगते. त्यांच्या वंशजांनी कित्येक शतकं अलिबाग, पेण, रोहे, चेऊलच्या आसपास तेलाचे घाणे चालवले. त्यांच्याकडे रब्बी नव्हते आणि तोराच्या (पवित्र धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्याही नव्हत्या. हनुक्का हा दिव्यांचा सण तर त्यांना ठाऊकच नव्हता. तरीही चार गोष्टी टिकल्या: शनिवारी घाणा बंद, आठव्या दिवशी सुंता, पर आणि खवले नसलेली मासळी वर्ज्य, आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना. लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे ते त्या बंद घाण्यामुळेच. चारही गोष्टी घरच्या घरी होणाऱ्या आहेत, हे लक्षात घ्या.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रार्थनांचं हिब्रू गेलं होतं, आणि ते परत आलं ते बाहेरच्या शिक्षकांमुळे. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून ज्यू शिक्षक आले, मुंबईत छापखाने निघाले, पेसाह या सुटकेच्या सणाची पोथी, हग्गादा, १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह छापली गेली. म्हणजे घराने धरून ठेवलं आणि शिक्षकाने पुन्हा भरलं. तुम्हालाही दोन्ही लागणार आहे, याच क्रमाने.

आता प्रत्यक्ष शुक्रवार. ठाण्यात सूर्यास्त वर्षभर सहा ते सव्वासातच्या दरम्यान होतो, त्यामुळे वेळेचा विचार कुणाला करावाच लागत नाही. दक्षिण जर्मनीत जूनअखेर सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला. परदेशात गेलेल्या बहुतेक कुटुंबांचा शब्बाथ इथेच मोडतो, श्रद्धा कमी पडते म्हणून नव्हे. उन्हाळ्यात मुलं पेंगतात, हिवाळ्यात आईबाप ऑफिसातच असतात. दोन्हींवर तोड आहे. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात, पण त्याहून आधी शब्बाथ स्वीकारायला धर्मशास्त्राची परवानगी आहे. मर्यादा अशी की दिवसाचे बारा समान भाग करायचे आणि सूर्यास्ताच्या सव्वा भागापेक्षा आधी जायचं नाही. जूनमध्ये तुमच्याकडे दिवस सोळा तासांवर असतो, म्हणून एक भाग सुमारे ८० मिनिटांचा आणि सव्वा भाग सुमारे १०० मिनिटांचा. म्हणजे पावणेआठ-आठच्या सुमारास दिवे लावून लगेच जेवायला बसता येतं. तुमच्या शहराचं वेळापत्रक छापून फ्रिजवर लावा. दिवे लावल्यावर शब्बाथ सुरू झाला, म्हणून फोन आणि गॅस त्याआधीच बंद. सूर्यास्त उलटून गेला असेल तर मात्र त्या दिवशी दिवे लावायचे नाहीत. ‘उशिरा का होईना’ म्हणून लावणं ही या सगळ्यातली सर्वांत नेहमीची चूक.

हिवाळ्यासाठी स्वयंपाक गुरुवारी रात्रीच उरकून ठेवा. मिस्टरांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी शुक्रवारी तीनला निघता येईल अशी सवलत ऑफिसकडे मागून घ्यावी. तिकडे बऱ्याच ऑफिसांत शुक्रवारी लवकर निघतातच, त्यामुळे मागणी वावगी वाटणार नाही. तुम्हाला पोहोचायला उशीर होणार असेल तर दिवे मिस्टरांनी लावावेत, तेही चालतं.

दिवे लागल्यावर पहिलं काम मुलांना आशीर्वाद. हे कधीच गाळू नका, कारण परक्या मुलखात मुलं वाढवण्याचा सगळा विचार या दोन मिनिटांत आलाय. वडील (किंवा आईही) मुलाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून म्हणतात: "येसिमखा एलोहिम के-एफ्राईम वे-खि-मेनाशे", म्हणजे देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखा करो. मुलीला म्हणतात: "येसिमेख एलोहिम के-सारा, रिव्का, राहेल वे-लेआ". त्यानंतर दोघांसाठी याजकांचा तीन ओळींचा आशीर्वाद. मुलाला अब्राहाम किंवा मोशेसारखा हो असं म्हणत नाहीत. एफ्राईम आणि मनश्शे हे योसेफाचे मुलगे, मिसरात (इजिप्तमध्ये) जन्मलेले. त्यांची आई मिसरी पुरोहिताची मुलगी आणि बाप फारोच्या दरबारात दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी, मिसरी नाव घेतलेला. योसेफाचा बाप याकोब मरणाच्या आधी याच दोन नातवंडांना जवळ घेतो, ती आपलीच म्हणतो आणि सांगतो की इस्राएल पुढे यांच्याच नावाने आशीर्वाद देईल. म्हणजे आदर्श म्हणून निवडलीत ती परदेशात जन्मून घरच्यांची राहिलेली पोरं. तुमच्या मुलाला ही गोष्ट याच शब्दांत सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला ती नीट कळते.

मग किद्दुश. आपल्या घरांत वाइनऐवजी काळ्या मनुकांचं शरबत करायची चाल आहे, तेच करा. मुलांना चव आवडते आणि ते आजीचं म्हणून लक्षात राहतं. एक वाटी काळ्या मनुका, दोन वाट्या पाणी. जर्मन सुपरमार्केटातल्या मनुकांवर बहुधा सूर्यफुलाच्या तेलाचा हात असतो, त्यामुळे आधी कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, नाहीतर शरबतावर तवंग येतो. रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात कुस्करा, मलमलीतून पिळून गाळा. पाणी याहून वाढवू नका. मनुकांचा अंश फार कमी झाला तर त्याला द्राक्षरसाचा आशीर्वाद लागू होत नाही. पेला किमान ८६ मिलिलिटरचा हवा आणि काठोकाठ भरलेला. दुकानातला साधा द्राक्षरस घेऊ नका, त्याला कोशर शिक्का लागतो.

टेबलावर दोन अखंड पाव किंवा चपात्या. इथे कोकणी घरांची एक चूक होते: तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी ठेवतात. ‘हामोत्सी’चा आशीर्वाद फक्त पाच धान्यांच्या भाकरीवर म्हणतात: गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट. भाकरी जेवायला खुशाल करा, पण आशीर्वादाला गव्हाच्या दोन चपात्या ठेवा.

पाच वर्षांच्या मुलीला मीठ ठेवण्याचं काम द्या आणि मुलाला पेला भरण्याचं. ज्याला काम असतं तो टेबलावरून पळत नाही.

शनिवारी शब्बाथ सुटताना हवदाला ही निरोपाची प्रार्थना म्हणायची असते. ती उन्हाळ्यात पावणेअकराच्या पुढे जाते आणि मुलं झोपलेली असतात. मोठ्यांनी "बारुख हमवदील" (धन्य तो भेद करणारा) एवढंच म्हणून कामाला लागावं. हवदाला रविवारी संध्याकाळी मुलांसोबत म्हटली तरी चालते. मंगळवारच्या सूर्यास्तापर्यंत मुभा आहे, फक्त उशिराच्या हवदालेत मेणबत्ती आणि मसाल्यांचा भाग नसतो.

आता सासूबाई. त्यांच्या रडण्याला उत्तर देत बसू नका, त्यांना काम द्या. आपला नातू तोरा शिकताना ऐकणं म्हणजे ती सिनाय पर्वतावरून घेण्यासारखं आहे, असं तालमूद म्हणतं. आजी-आजोबांचा वाटा शोभेचा नाही, तो शिकवण्याचा आहे. त्यांनी दर आठवड्याच्या पाराशाची (तोरातल्या त्या आठवड्याच्या भागाची) गोष्ट नातवंडांना मराठीत सांगायची, दहा मिनिटं. वेळ गुरुवारची ठेवा. शुक्रवारी फोन करायला गेलात तर हिवाळ्यात ठाण्याचे दिवे तुमच्याकडच्या सव्वाएकला लागतात आणि मुलं तेव्हा शाळेतून येत असतात. भारत हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. गुरुवारी तुमच्याकडच्या पाच वाजता त्यांच्याकडे साडेनऊ किंवा साडेआठ वाजलेले असतील, बारा महिने चालणारी ही वेळ आहे.

याने मराठीचा प्रश्नही निम्मा सुटतो. मुलगा तुम्हाला जर्मनमध्ये उत्तर देतो कारण तुम्हाला जर्मन कळतं. आजीला कळत नाही. तिला पुढची गोष्ट विचारायची असेल तर मराठीतच विचारावी लागेल. तुम्ही मात्र त्याच्या जर्मन उत्तराला मराठीतच पुढचं वाक्य जोडत राहा. "मराठीत बोल" असं दरडावू नका, "काय म्हणालास?" असं खोटंही विचारू नका. मुलांना ते लगेच कळतं.

हिब्रू शिकवायचं म्हणून मराठी मागे सारायची, हे आम्हाला अजिबात पटत नाही. ज्यू घरांत भाषा नेहमी दोन-तीन राहिल्या. प्रार्थनेची हिब्रू, घरची यिद्दिश किंवा लादिनो, बाजाराची तिसरी. आपल्या लोकांनी तोरातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. १८७४ च्या पुण्याच्या हग्गादेतल्या चित्रात साडी नेसलेल्या बायका पेसाहची बेखमीर भाकरी करताना दिसतात. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांनी तिथेही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. तेव्हा वाटणी सरळ ठेवा. गोष्टी आणि जेवणाचं टेबल मराठीत, प्रार्थना हिब्रूत, शाळा-दोस्त जर्मनमध्ये.

हिब्रू अक्षरं २२ आहेत. आठवड्याला दोन घेतलीत तर अकरा आठवडे लागतील, स्वरचिन्हांना आणखी एक-दीड महिना. अंथरुणात म्हणायचा ‘शेमा’ तोंडपाठ करण्यासाठी देवनागरीत लिहून द्यायला हरकत नाही, पण तेवढ्यापुरताच. सगळी प्रार्थना देवनागरीत दिलीत तर मूल अक्षरांकडे वळतच नाही आणि तेराव्या वर्षी तोरासमोर उभं राहिल्यावर अडतं. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हंही नसतात. मुलाच्या बार मित्झव्याला, म्हणजे त्या तेराव्या वर्षाच्या विधीला, चार वर्षं आहेत. त्याचा वाढदिवस हिब्रू पंचांगाने कुठल्या तारखेला येतो ते आजच काढून ठेवा, कारण वाचायचा पाराशा त्यावरून ठरतो.

"आपण इंडियन की ज्यू?" या प्रश्नाला लांब व्याख्यान नको. त्याला वर्गात म्हणता येतील अशी तीन वाक्यं द्या: "आम्ही ज्यू आहोत. आमचे पूर्वज खूप वर्षांपूर्वी भारतात कोकणात आले, म्हणून घरी मराठी बोलतो. मुंबईत आमचं सिनेगॉग १७९६ सालचं आहे." तिसरं वाक्य महत्त्वाचं. मुलांच्या वादात सालाला वजन असतं. तुमच्या ठाण्याचं शार हाशामाईम सिनेगॉग १८७९ चं, त्याचा फोटो मुलाच्या टेबलाशी लावा. वर्गातल्या मुलाला ज्यू म्हणजे एकाच रंगाची माणसं असं वाटत असेल, त्यात त्याचा दोष नाही. त्याने दुसरं काही पाहिलेलंच नाही.

नावाबद्दल फार जीव टाकू नका. मिसरातून सुटका झाली ती नावं आणि भाषा बदलली नाहीत म्हणून, हे मिद्राशातलं (धर्मग्रंथांवरच्या जुन्या भाष्यातलं) वचन तुम्ही ऐकलं असेल. तोरातल्या लेवीय या पुस्तकावरच्या मिद्राशात बार कप्पारा या रब्बींच्या नावाने ते येतं. तिथे कारणं चार आहेत: नाव बदललं नाही, भाषा बदलली नाही, एकमेकांची चहाडी केली नाही आणि शील सोडलं नाही. लोकांच्या तोंडी असलेलं ‘पेहराव’ हे कारण या यादीत नाही, ते नंतरचं. तिथेच म्हटलंय की मिसरातले इस्राएली बेंजामिनला अलेक्झांडर म्हणत नसत. पण तालमूदच दुसरीकडे सांगतं की परदेशातल्या बहुतेक ज्यूंची नावं तिथल्या लोकांसारखीच असतात. योसेफाला मिसरी नाव होतं, एस्तेर राणीचं हिब्रू नाव हदस्सा. मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझिकिएल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी होते. तेव्हा शाळेत आखूड नाव असू दे. घरात पूर्ण नाव आणि आशीर्वादाच्या वेळी ‘अमुक बेन अमुक’ असं हिब्रू नाव वापरा. बार कप्पाराच्या तिसऱ्या कारणाकडे मात्र घराघरांत दुर्लक्ष होतं. मुलांसमोर गेमाइंडेतल्या (तिथल्या ज्यू मंडळीतल्या) लोकांची टिंगल केलीत, तर पुढे तिथे जायला मुलंच नकार देतील.

मिस्टरांचं म्हणणं भीतीतून आलेलं आहे आणि भीती खोटी नाही. ९ ऑक्टोबर २०१९ ला, योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, हाल्ले शहरातल्या सिनेगॉगवर हल्ला झाला होता. अशा धोक्यांमुळे सिनेगॉगच्या दारावर पोलिस असतात. पहिल्यांदा जाण्याआधी ईमेल करा, कोण आहोत ते लिहा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. रस्त्यावर किप्पा (छोटी धार्मिक टोपी) घालायचा की साधी टोपी, हे ठरवायला मिस्टर मोकळे आहेत. पण ‘बाहेर ज्यू म्हणायचंच नाही’ हा नियम मुलांवर घालू नका. नऊ वर्षांचं मूल त्यातून सावधपणा शिकत नाही, आपलं काहीतरी लाजिरवाणं आहे एवढंच शिकतं. फ्रँकफुर्टचे रब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांनी १८५३ मध्ये शाळा काढली ती याच प्रश्नावर. तोरा आणि त्या देशाची विद्या दोन्ही एकाच वर्गात, उघडपणे.

मेझुझाही (दाराच्या चौकटीवर लावायची, आत धर्मवचनांचं चर्मपत्र असलेली डबी) याच वादात सापडतो. भाड्याच्या घरात, इस्राएलबाहेर, ३० दिवसांत लावायचा असतो, म्हणजे तुमची मुदत केव्हाच टळलीय. घरात शिरताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या एक-तृतीयांश भागाच्या तळाशी. महत्त्व आतल्या चर्मपत्राला आहे, डबीला नाही. ते हाताने लिहिलेलं, २२ ओळींचं असतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या डबीत बहुधा छापील कागद निघतो आणि तो चालत नाही. घरमालक खिळा ठोकू देत नसेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी भक्कम पट्टी पुरते. भीती वाटत असेल तर चौकटीच्या आतल्या बाजूला लावण्याबद्दल गेमाइंडेच्या रब्बीला विचारा.

गेमाइंडेतल्या रशियनमुळे बिचकू नका. जर्मनीतल्या ज्यू गेमाइंडांचे बहुतेक सभासद १९९० नंतर सोव्हिएत संघातून आलेले आहेत. त्यांतल्या अनेकांनी हिब्रू अक्षरं पन्नाशीनंतर गिरवली. शिवाय त्यांची नातवंडं आपसांत जर्मनच बोलतात आणि तुमच्या मुलाला गरज आहे ती त्यांचीच. शब्बाथला चाळीस किलोमीटर गाडीने जाणं नियमात बसत नाही, पण अनेक ठिकाणी मुलांचे वर्ग रविवारी असतात. तिथून सुरू करा. जर्मनीतल्या ज्यूंची समाजकल्याण संस्था, झेडडब्ल्यूएसटी, सुट्ट्यांत मुलांची शिबिरं घेते, त्यांची चौकशीही तिथेच होईल.

सभासद होताना आईचं ज्यूपण दाखवणारे कागद मागतात. तुमचा आणि तुमच्या आईचा केतुबा (लग्नाचा करारनामा), ठाण्याच्या सिनेगॉगचं पत्र, मुलाच्या सुंतेची नोंद, आजी-आजोबांच्या कबरींवरच्या लेखांचे फोटो, सगळं स्कॅन करून आणि मूळ प्रतींसह ठेवा. मराठी कागदांचं जर्मनमध्ये अधिकृत भाषांतर करून घ्या. कुणी बेने इस्राएलांबद्दल शंका काढली तर चिडू नका. १९६० च्या दशकात इस्राएलमध्येही लग्नाच्या वेळी अशा चौकशा झाल्या, आपल्या लोकांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू असल्याचं मान्य केलं. काही राज्यांत सभासदत्वाबरोबर पगारातून धर्मकर कापला जातो, ते नोंदणीआधी विचारून घ्या.

तिथे चालीरीती वेगळ्या दिसतील. पेसाहला तुमच्याकडे तांदूळ निवडून-पाहून खातात, त्यांच्यातले अश्केनाझी (युरोपी परंपरेचे ज्यू) खात नाहीत. घरात आपला भात खा, त्यांच्या सेदेरला (पेसाहच्या रात्रीच्या विधीला) त्यांचं जेवण जेवा आणि पानावर वाद घालू नका. मिश्ना हा जुना नियमग्रंथ भांडण टाळायलाच सांगतो. इस्राएलबाहेर सेदेर दोन रात्री असतो, म्हणून एक गेमाइंडेत आणि एक घरी करा. घरच्या सेदेरला मुलीने ठरलेले चार प्रश्न मराठीत विचारावेत. मुलांना कळेल त्या भाषेत सांगावं, हे धर्मशास्त्रच सांगतं.

फुटबॉलचं उत्तर गोड नाही. शनिवारची मॅच शब्बाथात बसत नाही. सराव आठवड्यात असतो, तो राहू द्या. हंगाम सुरू होण्याआधी कोचला एक चिठ्ठी द्या की हा शनिवारी खेळणार नाही, रविवारी किंवा शनिवारी रात्रीनंतर काही असेल तर येईल. मुलाला ‘आजारी आहे’ असं सांगायला लावू नका. ज्या शनिवारी मॅच बुडते त्या शनिवारी दुसऱ्या कुणा मुलाला जेवायला बोलवा. नुसतं ‘नाही’ फार दिवस टिकत नाही. शाळेच्या सुट्ट्यांचा अर्ज वर्ष सुरू होतानाच द्या, कारण ज्यू नवं वर्ष, योम किप्पुर आणि सुक्कोथ लगेच सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. कामबंदीचे सण इस्राएलबाहेर वर्षाला १३ दिवस भरतात, त्यांतले काही शनिवार-रविवारी पडतात.

खाण्यात तुमची बाजू मुळात भक्कम आहे. आपल्या स्वयंपाकात नारळाचं दूध आहे, त्यामुळे मांसाबरोबर दूध येतच नाही. मासे सालीसकट घ्या म्हणजे खवले दिसतात. सामन, ट्राउट, कार्प, हेरिंग चालतात. ईल आणि मंकफिश नाही, आणि स्वस्त मिळणारा पांगासियसही नाही, तो बिनखवल्याचा. मुलांच्या वाढदिवसांत घोळ होतो तो केकने नव्हे तर चघळायच्या रंगीत गोळ्यांनी, कारण त्यांतलं जिलेटिन बहुधा डुकराचं असतं. मुलाच्या दप्तरात चालणाऱ्या गोळ्यांची एक पुडी कायम ठेवा, म्हणजे तो तिथल्या तिथे बदलून खाईल.

आणि मेझुझा लावाल त्या दिवशी मलिदा, आपला आभाराचा विधी, करा. चौघांना दोन वाट्या जाडे पोहे (पातळ पोहे धुताच लगदा होतात), एक वाटी खवलेलं खोबरं, पाऊण वाटी साखर, वेलची, बदाम-पिस्ते, वर पाच फळं. तिकडे मिळणारं गोठवलेलं खोबरं पूर्ण वितळवून, पिळून मगच घाला, नाहीतर मलिद्याला पाणी सुटतं. फळांचे आशीर्वाद मुलांना वाटून द्या. केळ्यावर जमिनीच्या फळाचा म्हणतात, झाडाच्या फळाचा नव्हे, यात ती हमखास अडकतात आणि मग विसरत नाहीत. एलियाहू हन्नबीचं (एलिया संदेष्ट्याचं) गाणं सासूबाईंनी फोनवरून म्हणावं.

राहिला परत येण्याचा प्रश्न. बाबेलला (बॅबिलोनला) बंदी करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवलं होतं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या शहराचं भलं इच्छा. परदेशात राहणं म्हणजे धर्म सोडणं नव्हे, हे सासूबाईंना मिस्टरांनी स्वतः सांगावं, तुम्ही नव्हे. पण जर्मनीतल्या जर्मनीत घर बदलण्याचा विचार जरूर करा. याकोब मिसरात उतरताना आपला मुलगा यहूदा याला पुढे पाठवतो, आणि तोराचे भाष्यकार रब्बी राशी सांगतात की ते आधी शिकण्याचं घर उभं करायला. मुलगा अकराचा व्हायच्या आत, गेमाइंडेपासून चालत पोहोचता येईल अशा अंतरावर भाड्याचं घर मिळतंय का ते पाहा. मिस्टरांचा ऑफिसचा प्रवास वाढेल, पण तो आठवड्याचे पाचच दिवस. घर पाहायला रविवारी जा, वर्ग भरलेला असताना, आणि मुलाला तासभर त्या वर्गात बसू द्या. कुठल्या भागात राहायचं ते ठरवण्याआधी त्याला तिथे कुणी दोस्त मिळाला का ते विचारा.